ज्वारीची साठवण : पेव, कणगी व कोठी यांची बांधणी

रब्बी ज्वारी हे सोलापूर जिल्ह्यातील प्रमुख अन्नधान्य होय. भाद्रपद-आश्विनात पेरलेले पीक माघ-फाल्गुनात खळ्यावर येते व पुढे वर्षभर माणसाची भाकरी आणि जनावरांचा कडबा त्यातूनच मिळतो. मोहोळ येथे निवड पद्धतीने काढलेला मालदांडी ३५-१ हा वाण या भागात घरोघर परिचित आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. १८७६-७८ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांच्या आठवणी येथील गावांनी जपल्या आहेत. बहामनी अमलात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दामाजीपंतांनी भुकेल्या रयतेस खुली केली, ही कथा तर सर्वांस ठाऊक आहे. चांगल्या वर्षाचे धान्य वाईट वर्षासाठी राखावयाचे, ही या मुलुखाची जुनी रीत होय. परंतु राखलेले धान्य खाण्यायोग्य राहिले तरच त्या रीतीस अर्थ आहे.

धान्य का बिघडते?

खळ्यावरून घरी आलेला दाणा सजीव असतो. तो श्वसन करतो व त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. दाण्यात मूळचाच ओलावा अधिक असल्यास हे श्वसन जोराने चालते, धान्य तापते, बुरशी धरते आणि सोंडे, टोके व भुंगेरे यांची वाढ झपाट्याने होते. साठवणुकीच्या ज्वारीत ओलावा शेकडा १२ पेक्षा अधिक नसावा. तो १० पर्यंत उतरविल्यास उत्तम, कारण इतक्या कोरड्या दाण्यात किडीची वाढ मंदावते.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोणतीही कोठी ओले धान्य सुकवीत नाही. आत जसे धान्य भरावे, तसेच ते राखण्याचे काम ती करते. कोठीकडून तीनच अपेक्षा ठेवावयाच्या : बाहेरचे पाणी व दमट हवा आत येऊ नये, उंदीर शिरू नये, आणि भिंतीने धान्याचा भार सहन करावा.

आकार व माप

एक घनमीटर जागेत सुमारे ७ क्विंटल ज्वारी मावते. गोल कोठीचे घनफळ काढण्यासाठी त्रिज्येचा वर्ग करून त्यास ३.१४ ने व उंचीने गुणावे. उदाहरणार्थ, १.२ मीटर व्यासाची व १.५ मीटर उंचीची कोठी सुमारे १.७ घनमीटर भरते आणि तीत १२ क्विंटलच्या आसपास ज्वारी राहते.

शक्य तेथे कोठी गोल असावी. धान्य भिंतीस बाहेर रेटते. गोल भिंतीवर हा रेटा सर्व बाजूंनी सारखा पडतो, तर चौकोनी कोठीत तो कोपऱ्यांवर येऊन तेथे तडे जातात. उंच कोठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्याच्या टाकीत खोली दुप्पट झाली की तळावरील दाब दुप्पट होतो, परंतु धान्याचे तसे नाही. दाणे भिंतीस घासून आपला काही भार भिंतीवर टाकतात, त्यामुळे ठराविक खोलीनंतर तळावरील दाब फारसा वाढत नाही. हे यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली दाखवून दिले. भिंत असा उभा भार वाहत असल्यामुळे केवळ तळ पक्का करून भागत नाही. भिंतीखालचा पायाही तितकाच पक्का हवा.

पेव

पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असे कोठार. मडक्यासारखा हा आकार विचारपूर्वक ठरविलेला आहे. तोंड लहान असल्याने ते बंद करणे सोपे जाते व हवेचा शिरकाव कमी होतो. बंद पेवात दाणे व किडे यांच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो आणि कर्बद्विप्राणिल वायू साठतो. प्राणवायू अगदी थोडा उरला की किडे मरतात. माल्टा बेटावरही दगडी झाकणांची अशीच भूमिगत कोठारे बांधलेली आहेत. हल्ली निघालेल्या अनेक पदरी हवाबंद पिशव्यांचे तत्त्वही हेच आहे.

पेवासाठी गावठाणातील उंच, निचऱ्याची, घट्ट मुरमाची जागा निवडावी. काळ्या जमिनीत पेव कदापि काढू नये. ती माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या भेगांतून पाणी थेट धान्यात उतरते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यानंतर जी गावे कालव्याच्या पाण्याखाली आली, तेथे जवळच्या विहिरीची पाणीपातळी पावसाळ्याअखेर पाहूनच निर्णय घ्यावा. पाणी वर येत असल्यास पेवाचा विचार सोडून द्यावा.

खोदाई झाल्यावर आत कडबा व गोवऱ्या जाळून भिंती भाजून काढण्याची जुनी पद्धत चांगली आहे. निखारे पूर्ण विझून धूर व वायू निघून गेल्यावरच आत काम करावे. नंतर माती व शेणाचा गिलावा करून तो पूर्ण वाळू द्यावा. तळाशी व कडेने कोरड्या कडब्याचा आणि भुसकटाचा जाड थर द्यावा. धान्य भरल्यावर वर पुन्हा भुसकट, त्यावर दगडी फरशी आणि सर्वांवर घट्ट चोपलेल्या मातीचा उंचवटा करावा, म्हणजे पावसाचे पाणी दूर वाहून जाईल.

इतके करूनही कडेचे व वरचे धान्य थोडे काळवंडते व त्यास कुबट वास येतो. ते वेगळे काढावे. पेवातील दाण्याची उगवणशक्ती घटते, म्हणून बियाणे पेवात ठेवू नये.

पेवात उतरताना

ज्या गुणामुळे पेवातील कीड मरते, त्याच गुणामुळे माणसाचाही जीव जातो. कर्बद्विप्राणिल वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. त्यास रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण शेकडा १० च्या पुढे गेल्यास माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध होतो. एक जण कोसळतो, त्यास काढण्यासाठी दुसरा तसाच उडी घेतो आणि दोघेही दगावतात. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

(१) पेवाचे तोंड उघडल्यावर किमान एक दिवस ते तसेच मोकळे ठेवावे व पंख्याने किंवा फवारणी यंत्राच्या वाऱ्याने आतील हवा पूर्ण बदलावी.

(२) कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. कंदील विझल्यास उतरूच नये. परंतु तो विझला नाही म्हणून पेव निर्धोक ठरत नाही.

(३) उतरणाऱ्याच्या कमरेस व खांद्यास दोर बांधावा आणि वर किमान दोन सशक्त माणसे असावीत.

(४) आतील माणूस उत्तर देईनासा झाल्यास कोणीही खाली उतरू नये. दोराने त्यास वर ओढावे.

शक्य असल्यास माणूस न उतरविता बादलीने वा नळीने धान्य काढावे, हे सर्वांत बरे.

कणगी व बळद

बांबूच्या कांबींची किंवा तुरकाठ्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली कणगी स्वस्त असते व घरच्या घरी तयार होते. तथापि तिच्या भिंतीतून दमट हवा ये-जा करते आणि उंदीर तिला सहज भोक पाडतात. जुन्या वाड्यांतील भिंतीतल्या बळदांत उंदरांचा उपद्रव कमी, परंतु चिरांमध्ये कीड वर्षानुवर्षे राहते. कणगी दगडी चौथऱ्यावर ठेवावी, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी व दरवर्षी उन्हात तापवून नव्याने लिंपावी. बळदातील चिरा भराव्यात. थोड्या मुदतीच्या साठवणुकीसाठीच यांचा उपयोग करावा.

पुसा कोठी

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने मातीच्या कोठीत सुधारणा करून ही कोठी तयार केली. कच्च्या विटांच्या दोन भिंती व त्यांमध्ये ७०० गेजचा, म्हणजे सुमारे १७५ मायक्रॉन जाडीचा, प्लॅस्टिक कागद अशी तिची रचना असते. कागद तळाखालून व छतावरूनही सलग गेला पाहिजे. एके ठिकाणी जरी तो फाटला तरी सारी मेहनत वाया जाते. बाहेरील भिंत तळापासून ४५ सेंटिमीटरपर्यंत भाजक्या विटांची बांधावी, म्हणजे उंदीर पोखरू शकत नाहीत. वर भरण्याचे तोंड व खाली धान्य काढण्याची नळी ठेवून दोन्हींस घट्ट झाकणे बसवावीत.

पत्र्याची व सिमेंटची कोठी

हापूड येथे १९५८ साली सुरू झालेल्या धान्य साठवण केंद्राने व १९६५-६६ पासूनच्या धान्य वाचवा मोहिमेने जस्ती पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार केला. उंदीर व ओल यांपासून ही कोठी उत्तम संरक्षण देते. मात्र ती उन्हात ठेवू नये. दिवसा तापणाऱ्या व रात्री निवणाऱ्या पत्र्याच्या आतील बाजूस दव धरते आणि वरचा थर कुजतो. कोठी सावलीत, लाकडी वा विटांच्या बैठकीवर ठेवावी आणि सांधे डाग देऊन बंद करावेत.

लोखंडी जाळीवर सिमेंट-वाळूचा गिलावा करून बनविलेली कोठी अधिक टिकाऊ होते. गिलाव्यावर किमान दोन आठवडे पाणी मारावे. त्यानंतर काही आठवडे ती पूर्ण वाळू द्यावी. ओल्या सिमेंटची ओल धान्य शोषून घेते.

भरण्यापूर्वी

कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ व मूठभर ज्वारी घालून काही मिनिटे हलवावे. मीठ काचेस चिकटल्यास ओलावा शेकडा १५ च्या वर आहे, असे समजावे. मीठ न चिकटल्यासही आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत. वाळविलेले धान्य रात्रभर निववून मगच भरावे. जुने धान्य नव्यात मिसळू नये. विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरात वापरू नयेत. ते काम अधिकृत व प्रशिक्षित व्यक्तींनीच करावयाचे आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खळी सुरू होण्यापूर्वीच आपल्या गावातील पेवांची पाहणी करावी. कोणती पेवे वापरात आहेत व कोठे ओल येते याची नोंद ठेवावी, आणि उतरण्याचे चार नियम ग्रामसभेत वाचून दाखवावेत. धान्याची नासाडी पुढील हंगामात भरून काढता येते. माणसाच्या जिवाचे तसे नाही.