सहकार शिक्षण : संस्था बुडाली, पण मालमत्ता गेली कुठे?



मागच्या महिन्यात आमच्या गट ऑफिसात एक तरुण सभासद नोटीस घेऊन आला. त्याच्या गावची उपसा पाणीपुरवठा संस्था बंद पडली, ती गुंडाळण्याचा हुकूम झाला, आणि अवसायकाची नोटीस त्याच्या वडिलांच्या नावाने घरी आली. वडील तर हुकमाच्या चौदा महिने आधीच वारलेले. "मोटारी विकल्या कुणी, पैसे खाल्ले कुणी, आणि नोटीस आमच्या म्हाताऱ्याला?" असा त्याचा सवाल.

सवाल रास्त आहे. आपण बहुतेक जण कारखान्याबरोबर सोसायटी, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था अशा दोन-तीन ठिकाणी सभासद असतो. म्हणून या वेळी अवसायकाचे अधिकार समजून घेऊ.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम १०२ खाली निबंधक आधी अंतरिम हुकूम काढतो, संस्थेचा खुलासा मागवतो, आणि मग हुकूम कायम करतो किंवा रद्द करतो. कायम हुकमावर समितीला किंवा कोणाही सभासदाला दोन महिन्यांत अपील करता येते. कलम १०३ खाली अवसायक नेमला की संस्थेची मालमत्ता, येणी आणि दफ्तर त्याच्या ताब्यात द्यावे लागते. चेअरमन-सेक्रेटरींना किल्ल्या अडवून धरता येत नाहीत. जमिनीच्या फेरफाराला अवसायकाच्या पदाची नोंद झाली की त्याचा हक्क पुरा होतो. प्रत्यक्ष कब्जा दुसऱ्याकडे आहे म्हणून तो हक्क नाकारता येत नाही.

आता गेलेले परत कसे आणायचे? त्याचे मार्ग असे :

(१) कलम १०५ प्रमाणे अवसायक संस्थेच्या वतीने दावा लावू शकतो. साक्षीदारांना बोलावून कागद हजर करायला लावू शकतो. संस्थेची मोटर, पाइप, जागा कुणी दाबून बसला असेल तर त्याच्यामागे लागणे हे त्याचे कामच आहे.

(२) ज्यांनी कारभार केला, त्यांच्यासाठी कलम ८८ आहे. मागच्या पाच वर्षांत कुणी संस्थेचा पैसा गैर मार्गाने वापरला, अडकवून ठेवला किंवा विश्वासघात केला, तर त्याने तो व्याजासह परत करावा किंवा भरपाई द्यावी असा हुकूम निबंधक करू शकतो. माणूस पदावरून उतरला म्हणून सुटत नाही. मात्र हा हुकूम चौकशी करून, त्याचे म्हणणे ऐकूनच होतो.

(३) आजी-माजी सभासदांनी किती रक्कम द्यायची हे अवसायक ठरवतो, पण त्याआधी त्यांना बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. हुकमाप्रमाणे पैसे भरले नाहीत, तर कलम ९८ खाली दाखला घेऊन जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

आमच्या तरुणाची नोटीस या तिसऱ्या मार्गाने आली होती. कलम ३३ सांगते, की हुकमाच्या आधी दोन वर्षांच्या आत वारलेल्या सभासदाच्या मिळकतीवरची जबाबदारी अवसायनाचे काम संपेपर्यंत राहते. पण ती त्याच्या मृत्यूच्या दिवशी संस्थेचे जे देणे होते तेवढ्यापुरतीच. शिवाय मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत भागाची पूर्ण रक्कम भरलेली असेल, तर संस्थेच्या कर्जापोटी आणखी मागता येत नाही. स्वतःची पाणीपट्टी किंवा उचल थकली असेल ती वेगळी.

आम्ही त्याला घरची ट्रंक धुंडाळायला लावली. भागाच्या पावत्या सापडल्या, रक्कम पूर्ण भरलेली. राहिली होती ती पाणीपट्टी. त्याने मुदतीत लेखी उत्तर दिले, पावत्यांच्या नकला जोडल्या, आणि मोटारी कुणाला व कितीला गेल्या याची चौकशी करण्याचीही मागणी केली. नोटीस फाडून टाकली असती, तर सगळी मागणी मान्य असल्यासारखे झाले असते.

एक मर्यादाही ध्यानात ठेवा. बँकेकडे तारण असलेली मालमत्ता बँक सरफेसी कायदा, २००२ खाली स्वतःच ताब्यात घेऊन विकू शकते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये दिला. तेव्हा अवसायकाच्या हाती पुष्कळदा उरलेसुरलेच लागते.

खाजगी कंपनीच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे, तो म्हणजे दिवाळखोरी संहिता, २०१६. तिथे कंपनीने बुडण्यापूर्वी एखाद्या देणेकऱ्याला इतरांना डावलून दिलेला फायदा रद्द करून घेता येतो. संबंधितांच्या बाबतीत दोन वर्षे आणि इतरांच्या बाबतीत एक वर्ष मागे जाता येते. त्यासाठी अवसायक राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो.

बंद पडलेल्या सहकारी संस्थेकडे तुमचेच येणे असेल, तर थेट कोर्टात धावू नका. निबंधकाच्या परवानगीशिवाय दावा चालत नाही. अवसायकाने दिलेल्या मुदतीत मागणी पुराव्यासह नोंदवा.

शेवटी एकच सांगणे. अवसायक परत आणतो ते कागदावरून. डेडस्टॉक रजिस्टरात मोटरच नसेल, तर तो शोधणार काय? म्हणून वार्षिक सभेत अहवाल वाचा, हिशेबतपासनिसाचे शेरे विचारा, काय विकले आणि कितीला विकले ते विचारा. हा प्रश्न चालू संस्थेत विचारला तर दोन मिनिटांचा असतो. संस्था बुडाल्यावर त्यालाच वर्षे लागतात.