जोडी लावण्याआधी

मु. पो. पोहरादेवी, ता. मानोरा, जि. वाशीम

चि. भाच्यास,

पत्र पोचलं. पाळलेल्या निळ्या टॅरंट्युलाची जोडी लावायचं तुझ्या मनात आहे आणि नर-मादी कशी ओळखायची, असं विचारतोस. खुणा सांगतो, पण त्यांच्यासोबत येणारी जबाबदारीही ऐक.

आकारावर किंवा रंगावर जाऊ नकोस. लहानपणी नर आणि मादी वरून सारखेच दिसतात. शेवटची कात टाकून नर वयात आला की तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं फुगीर होतात, त्यात तो शुक्राणू साठवतो. त्याचे पाय लांब आणि पोट बारीक दिसतं. पुष्कळ अमेरिकी जातींत नराच्या पुढच्या पायांना आकडे येतात, त्यांनी तो मादीचे विषदंत अडवून धरतो. तुझा कोळी पोसिलोथेरिया प्रजातीतला आहे. या प्रजातीत नराला आकडे नसतात. म्हणून आकडे दिसले नाहीत एवढ्यावरून तिला मादी ठरवू नकोस.

वय होण्याआधी ओळखायचं असेल तर टाकलेली कात जपून ठेव. पोटाकडचा भाग पाण्यात भिजवून हलक्या हाताने उलगड आणि आतल्या बाजूला, पुढच्या दोन फुप्फुसांच्या मधोमध, भिंगाने बघ. तिथे शुक्राणू साठवायच्या पिशव्या दिसल्या तर ती मादी.

आता मिलनाचं. नर आधी छोटं जाळं विणून त्यावर थेंब सोडतो आणि तो त्या फुगीर टोकांत भरून घेतो. मग मादीच्या दाराशी पाय आपटून ठोके देतो, आपल्या पोहरादेवीत नगारा वाजतो तसे. मादी पोटभर खाल्लेली असू दे, आणि दोघं सोबत असेपर्यंत जागचा हलू नकोस. कधी कधी ती त्याला खाते. पुढे अंडी घालण्याआधी तिने कात टाकली, तर साठवलेले शुक्राणूही कातीबरोबर जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. साधलं, तर एका कोशातून शंभरावर पिल्लं निघू शकतात. त्यांना डबे आणि रोजचं खाद्य कोण पुरवणार, हे आधी ठरव. कोळ्याला हातात मात्र कधीच घेऊ नकोस. या प्रजातीतल्या कोळ्यांच्या चाव्याने स्नायूंत पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात.

निळा कोळी आपल्याच देशाचा आहे, हे विसरू नकोस. 1899 मध्ये पोकॉक या शास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुत्ती इथून त्याचं वर्णन केलं. त्यानंतर शंभर वर्षं तो शास्त्रज्ञांना दिसला नाही. 2001 मध्ये पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो आणि त्याचं रान फार थोडं उरलं आहे. 2019 पासून ही सगळी प्रजाती साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांची नोंद बंधनकारक केली. घरी पिल्लं झाली तर तीही वनखात्याला कळवावी लागतात. तुझ्याकडे नोंदीचे कागद नसतील तर जोडीचा विचार आज सोड आणि आधी वनखात्यात विचार.

जोडीदार हवा म्हणून रानातून कोळी आणू नकोस, आणणाऱ्याकडून विकतही घेऊ नकोस. मादी बरीच वर्षं जगते. वयात आलेल्या नराच्या वाट्याला मात्र थोडेच महिने येतात. पावसाळ्यात धुऱ्यावर एकटा भटकणारा मोठा कोळी बहुधा मादीच्या शोधात निघालेला असाच नर असतो. तो बरणीत गेला की पुढची पिढीही गेली.

पाळलेल्याची आबाळ करू नकोस आणि रानातल्याला हात लावू नकोस. कागदांचं काय झालं, ते मला कळव.

तुझा मामा