‘हॅव’ आणि ‘आहे’ : कर्त्याच्या स्थानाचा प्रश्न

इंग्रजीतील ‘हॅव’ हे क्रियापद अत्यंत परिचित असूनही मराठी भाषकाच्या वाक्यात ते वारंवार अडखळते. ‘ही हॅव थ्री ब्रदर्स’, ‘आय ॲम हॅविंग थ्री ब्रदर्स’ यांसारखी वाक्ये केवळ पाठांतराच्या अभावाची द्योतक मानली जातात. वस्तुतः त्यांचे मूळ मराठीच्या वाक्यरचनेत शोधावयास हवे. प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील औद्योगिक व्यवहाराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. २००९ मध्ये चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या वाटचालीत येथील कामगाराचा इंग्रजीशी येणारा संबंध पाटीवरील शब्दांपुरता उरला नाही. पाळी बदलताना पुढील माणसाला काम सोपविणे, नोंदवहीत यंत्राची स्थिती लिहिणे या प्रसंगी त्याला पूर्ण वाक्याची गरज भासते. अशा वाक्यांत ‘हॅव’ टाळता येत नाही.

या क्रियापदाची तीन प्रमुख उपयोजने शेजारी ठेवून पाहावीत :

त्याला तीन भाऊ आहेत. — ‘ही हॅज थ्री ब्रदर्स.’
त्याने तीन यंत्रे बंद केली आहेत. — ‘ही हॅज स्टॉप्ड थ्री मशीन्स.’
त्याला तीन यंत्रे बंद करायची आहेत. — ‘ही हॅज टु स्टॉप थ्री मशीन्स.’

पहिले वाक्य स्वामित्वाचे, दुसरे पूर्ण झालेल्या क्रियेचे, तिसरे कर्तव्याचे. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘हॅव’ आहे, आणि मराठीतही तिन्ही ठिकाणी ‘असणे’ हेच क्रियापद आहे. या साम्यामुळे ‘आहे म्हणजे हॅव’ असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. परंतु साम्य येथेच संपते. मराठीत ‘तो’ हा शब्द एकदाही मूळ रूपात येत नाही. ‘त्याला’, ‘त्याने’, ‘त्याला’ अशा सविभक्तिक रूपांतच तो येतो. क्रियापद माणसाच्या मागे जात नाही, ते भावांच्या व यंत्रांच्या वचनानुसार चालते. म्हणून ‘आहेत’. इंग्रजीत मात्र माणूस तिन्ही वाक्यांत प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्याशीच जुळते. म्हणून ‘हॅज’.

मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथामुळे अभ्यासकांना परिचित असलेला प्रयोगविचार येथे उपयोगी पडतो. दुसरे वाक्य कर्मणी प्रयोगाचे आहे. ‘ही हॅव थ्री ब्रदर्स’ म्हणणारा विद्यार्थी भावांचे अनेकवचन क्रियापदाला लावतो, म्हणजे मराठीचा नियम इंग्रजीत पाळतो, असे म्हणता येईल. ‘तो आला आहे’ या अकर्मक वाक्यात कर्ता प्रथमेत असतो; तेथे ‘ही हॅज कम’ म्हणताना मराठीची रचना आड येत नाही.

‘हॅविंग’चा प्रश्न थोडा निराळा आहे. नाते वा मालकी ही स्थिती असल्याने प्रमाण इंग्रजीत तेथे ‘हॅविंग’ येत नाही. ‘आय ॲम हॅविंग लंच’ हे वाक्य शुद्ध ठरते, कारण तेथे जेवण्याची क्रिया चालू असते. काळाचाही भेद आहे. ‘मी काल यंत्र बंद केले आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आले की ‘हॅव’ गळते आणि ‘आय स्टॉप्ड’ एवढेच उरते.

सर्वाधिक जोखीम दुसऱ्या व तिसऱ्या उपयोजनांच्या सीमेवर आहे. ‘आय हॅव स्टॉप द मशीन’ हे अर्धवट वाक्य पाळी बदलताना उच्चारले गेले, तर ऐकणारा ते दोन प्रकारे पूर्ण करू शकतो. ‘स्टॉप्ड’ मानले तर यंत्र बंद आहे. ‘टु’ घातले तर यंत्र अद्याप बंद करावयाचे आहे. मराठीत ‘केले आहे’ आणि ‘करायचे आहे’ यांत असा संभ्रम होत नाही. दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने एका अक्षराचा हा भेद निव्वळ व्याकरणाचा राहत नाही. शिवाय ‘करायचे आहे’ यात इच्छा व कर्तव्य दोन्ही सामावतात. ‘हॅव टु’ मात्र कर्तव्यच सांगते. त्याला जवळचा मराठी पर्याय ‘करावे लागणे’ हा होय.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना संभवते. पाठाचा प्रारंभ बहुधा ‘मी’ आणि ‘आय’ यांपासून होतो. परंतु प्रथमा व तृतीया या दोन्हींत ‘मी’ हेच रूप असल्याने मराठीतील विभक्ती झाकली जाते, आणि ‘आय हॅव’मध्ये ‘हॅज’ही दिसत नाही. ‘त्याला’, ‘त्याने’ आणि ‘ही’ यांपासून आरंभ केल्यास दोन्ही भाषांचे स्वभाव एकदम उघड होतात. विद्यार्थ्याने प्रथम मराठी वाक्यातील माणूस शोधावा, त्याची विभक्ती काढून त्याला प्रथमेत आणावे, आणि मगच क्रियापद निवडावे. या पद्धतीत मराठी व्याकरणाचे ज्ञान इंग्रजीच्या आड येत नाही. इंग्रजी शिकण्याचे ते साधन ठरते. मराठीच्या अध्यापकाला औद्योगिक परिसरात करता येण्याजोगे हे एक ठोस कार्य आहे.