वर्गाच्या भिंतीवरील क्रूस

इटलींतील सरकारी शाळांत वर्गाच्या भिंतीवर क्रूसावरील ख्रिस्ताची लहानशी मूर्ति टांगण्याची वहिवाट आहे. तिचा आधार १९२४ व १९२८ सालच्या राजाज्ञा. त्या काळीं रोमन कॅथॉलिक पंथ हा तेथील राजधर्म होता. १९८४ सालीं पोपशीं झालेल्या नव्या करारानें तो राजधर्म राहिला नाहीं. मूर्तीचा खिळा मात्र भिंतींत तसाच राहिला.

आबानो तेर्मे या गांवीं लाउत्सी नांवाच्या बाईंचीं दोन मुलें अशाच शाळेंत शिकत होतीं. सरकारनें कोणत्याहि धर्माचा पक्ष घेऊं नये, अशा मताच्या या बाईंनीं २००२ सालीं न्यायालयांत दाद मागितली. वेनेतो प्रांताच्या न्यायालयानें २००५ सालीं ती फेटाळली, आणि त्याचें कारण विचार करण्याजोगें आहे. क्रूस हें केवळ धर्मचिन्ह नव्हे, तर इटलीच्या इतिहासाचें, संस्कृतीचें, समतेचें, सहिष्णुतेचें, इतकेंच नव्हे तर राज्याच्या धर्मनिरपेक्षतेचेंहि चिन्ह होय, असें त्यानें ठरविलें!

पुढें प्रकरण स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढें गेलें. ३ नोव्हेंबर २००९ रोजीं सात न्यायाधीशांनीं एकमतानें बाईंच्या बाजूनें निकाल दिला. १८ मार्च २०११ रोजीं सतरा न्यायाधीशांच्या पीठानें तो १५ विरुद्ध २ मतांनीं फिरविला. क्रूस हें मुख्यतः धर्मचिन्हच आहे, हें या पीठानें मान्य केलें. परंतु तें मूक चिन्ह आहे, प्रवचनाइतका वा उपासनेइतका परिणाम तें मुलांवर करीत नाहीं, म्हणून तें ठेवावें कीं काढावें हें त्या राष्ट्रानें पाहावें, असें म्हटलें. या सुनावणींत आठ राष्ट्रांतर्फे जोसेफ वाइलर हे धर्मनिष्ठ यहूदी पंडित डोक्यावर आपली टोपी घालून उभे राहिले, व उघडी भिंतहि निष्पक्ष नसते, असा युक्तिवाद त्यांनीं केला.

आम्ही ख्रिस्ती, तेव्हां हा विजय आमचा, असें कोणास वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या लाकडावर रोमी राज्यसत्तेनें आमच्या प्रभूस खिळिलें, तें सरकारी भिंतीवर राखतां यावें म्हणून त्याचा अर्थच सौम्य करून सांगावयाचा, ही वेनेतोची रीति आम्हांस क्रूस काढून टाकण्यापेक्षांहि अधिक बोंचते. उघड्या भिंतीविषयीं म्हणाल, तर भिंतीचा मालक कोण हें आधीं पाहिलें पाहिजे. मिशनच्या शाळेंत क्रूस आहे हें पालकांस मुलाचें नांव घालतांना ठाऊक असतें. शिवाय भारतीय संविधानाच्या २८ व्या कलमान्वयें संमतीवांचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसण्याची सक्ती कोणत्याहि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेंत करतां येत नाहीं. सरकारी कचेरी मात्र एकच असते. ती टाळून दुसरीकडे जातां येत नाहीं. तेथें भिंतीवर परधर्माची तसबीर पाहून आमच्या मनांत क्षणभर जें येतें, तेंच त्या बाईंच्या मनांत आलें असावें. तें आपल्यासाठीं खरें मानावयाचें आणि त्यांच्यासाठीं खोटें, हें कसें जमावें?

सप्टेंबर २०२१ मध्यें इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानें एका शिक्षकाच्या दाव्याचा निकाल दिला. विद्यार्थ्यांच्या सभेनें क्रूस ठेवण्याचा ठराव केला होता. हे गृहस्थ आपल्या तासापुरता तो उतरवीत व तास संपतांच पुन्हा जागेवर टांगीत, म्हणून त्यांस तीस दिवस कामावरून दूर केलें होतें. न्यायालयानें ती शिक्षा अवैध ठरविली. क्रूसाची सक्ती नाहीं. तो हवा असल्यास शाळेंतील मंडळींनीं, विरोध करणाऱ्यांसह, विचारविनिमयानें ठरवावें, आणि इतरांचीं चिन्हेंहि शेजारीं लावतां येतील, असें सांगितलें. मात्र आपणांस भेदभावानें वागविलें, हें त्या शिक्षकाचें म्हणणें मान्य केलें नाहीं.