शरणपुराची वाट

विद्यार्थ्यांनीं नकाशांचें पुस्तक उघडून फ्रान्स देशाच्या आग्नेय भागावर बोट ठेवावें. तेथें रोन ही मोठी नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाऊन भूमध्य समुद्रास मिळते. तिच्या पश्चिम तीरावर ला वूल्त नांवाचें एक गांव असून, त्याच्या किंचित् वरच्या अंगास एरियू नांवाची डोंगरी नदी रोनमध्यें पडते. येथून सायकलीवर बसून, एरियूच्या कांठाकांठानें वर चढत, पठारावरील ल शांबों या खेड्यापर्यंत आम्ही वाचकांस घेऊन जाणार आहों. आमचा प्रवास नकाशावरचाच आहे. परंतु वाट खरी आहे, आणि दर उन्हाळ्यांत पुष्कळ हौशी सायकलस्वार ती आक्रमितात.

ही वाट मूळची आगगाडीची. मीटर गेजची ही लहान गाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोऱ्यांतून ल शेलार या गांवापर्यंत आली व विसाव्याच्या आरंभीं पठारावर चढली. १९६८ सालीं ती बंद पडली. पुढें खोऱ्यांतील जुन्या मार्गावर पायीं चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठीं रस्ता करण्यांत आला. त्यास ‘दोल्चे व्हिया’, म्हणजे सौम्य वाट, असें म्हणतात. सर्व फांटे धरून त्याची लांबी सुमारें ९० किलोमीटर भरते. नांव यथार्थ आहे. आगगाडीच्या इंजिनास उभा चढ चढवत नाहीं. म्हणून इंजिनियरांनीं डोंगराच्या कुशीकुशीनें वळणें घेत, बोगदे खोदीत व पूल बांधीत चढ लांबविला. त्याचा लाभ आतां सायकलस्वारास होतो. ज्या मुलांनीं घाटांत सायकल हातानें ढकलीत नेली आहे, त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. ला वूल्त समुद्रसपाटीपासून सुमारें १०० मीटर उंच, तर पठाराच्या कडेवरील सेंताग्रेव हें गांव हजार मीटरांहून अधिक उंच आहे. खोऱ्याच्या तळाशीं पीचच्या बागा आहेत. त्यांच्या वर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या जमिनींत चेस्टनटचे वृक्ष आहेत. त्यांचीं फळें भाजून किंवा त्यांचें पीठ करून या डोंगरांतील गरीब लोक हिवाळा काढीत. आणखी वर गेलें कीं पाइनचीं झाडें, उघडीं कुरणें व जाड भिंतींचीं एकाकी शेतघरें लागतात. हीं शेतघरें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. पुढील सर्व हकीकत त्यांच्याच आश्रयानें घडली आहे.

परंतु पठारावर जाण्यापूर्वीं खोऱ्याच्या दक्षिणेस असलेल्या डोंगरांतील प्रान्ल या गांवीं थोडें थांबलें पाहिजे. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लोकांस १५९८ सालच्या नांतच्या आज्ञापत्रानें धर्मस्वातंत्र्य मिळालें होतें. तें चौदाव्या लुई राजानें १६८५ सालीं काढून घेतलें. उपासनामंदिरें पाडण्यांत आलीं, पाळकांस हद्दपार करण्यांत आलें, आणि मंडळी रानावनांत लपूनछपून भरूं लागली. प्रान्ल येथील मारी द्युरां नांवाच्या तरुण स्त्रीस १७३० सालीं पकडून दक्षिण किनाऱ्यावरील एग-मोर्त येथील बुरुजांत कोंडलें. तिचा भाऊ पाळक होता. त्यास १७३२ सालीं फांशीं दिलें. आपला धर्म टाकतें एवढा एक शब्द उच्चारला असता तर मारीची सुटका झाली असती. तो तिनें उच्चारला नाहीं, व अडतीस वर्षांनीं, १७६८ सालीं, ती बाहेर आली. बुरुजांतील एका दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे; तो तिच्याच हातचा, अशी परंपरा आहे. प्रान्ल येथील तिचें जन्मघर आतां संग्रहालय आहे. ही कथा या डोंगरांतील घरोघरच्या आज्यांनीं नातवंडांस सांगितलेली आहे. सरकारी शिपाई आला असतां पाळकास कोठें लपवावें, हें ज्यांच्या पूर्वजांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें, अशा लोकांकडे आतां आपण जात आहों.

सेंताग्रेवजवळ पाणलोट बदलतो. इकडचें पाणी एरियूतून रोनला व भूमध्य समुद्रास जातें. पलीकडचें लिन्यों नदींतून ल्वारला व अटलांटिक महासागरास जातें. पुढें बारा-तेरा किलोमीटरांवर, लिन्योंच्या कांठीं, ल शांबों वसलें आहे. हिवाळ्यांत येथें बर्फानें वाटा बंद होतात. जमीन निकृष्ट, लोक कष्टाळू व मितभाषी.

आंद्रे त्रोक्मे हे पाळक १९३४ सालीं या मंडळीचा कारभार पाहूं लागले. शस्त्र हातीं धरणें ख्रिस्ताच्या शिकवणीस विरुद्ध आहे, असें त्यांचें ठाम मत होतें. १९३८ सालीं त्यांनीं व त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांनीं गांवांत एक माध्यमिक शाळा काढली. दोनच वर्षांनीं फ्रान्सचा पराभव झाला. २२ जून १९४० रोजीं जर्मनीशीं तह झाला आणि दुसऱ्याच दिवशीं, रविवारीं, या दोघांनीं व्यासपीठावरून सांगितलें कीं, सदसद्विवेकावर जबरदस्ती होऊं लागल्यास तिला आत्मिक शस्त्रांनीं विरोध करणें हें ख्रिस्ती माणसाचें कर्तव्य होय. मार्शल पेतांच्या सरकारनें त्याच वर्षाच्या आक्टोबरांत यहूदी लोकांविरुद्ध कायदे केले. परदेशांतून पळून आलेल्या यहूद्यांस छावण्यांत डांबलें. क्वेकर, स्विस व फ्रेंच सेवासंस्थांनीं त्या छावण्यांतून जीं मुलें सोडविलीं, त्यांपैकीं पुष्कळ ल शांबोंच्या वसतिगृहांत आलीं. मोठीं माणसेंहि येऊं लागलीं. कोणी रोनच्या बाजूनें, कोणी ल्वारच्या बाजूनें, त्याच लहान गाडींतून उतरत, व अंधार पडल्यावर त्यांस एखाद्या शेतघरीं पोंचविण्यांत येई.

जुन्या करारांत शरणपुरांची व्यवस्था सांगितली आहे; निर्दोष माणसाचें रक्त सांडूं नये म्हणून तीं नगरें नेमिलीं होतीं. त्रोक्मे यांच्या मनांत हाच शास्त्रभाग होता. आपल्याकडे नाशिकजवळच्या शरणपुरास तेंच नांव आहे. गुलामगिरींतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकांत तेथें आसरा मिळाला होता.

आतां विद्यार्थ्यांनीं नीट लक्ष द्यावें, कारण यापुढचा भाग विद्यार्थ्यांचाच आहे. १६ व १७ जुलै १९४२ रोजीं पॅरिस शहरांत फ्रेंच पोलिसांनीं सुमारें १३,००० यहूदी स्त्रीपुरुष व मुलें पकडलीं. त्यानंतर महिन्याच्या आंत, १० आगस्ट रोजीं, तरुणांच्या खात्याचे मंत्री लामिरां हे ल शांबों येथें आले. शाळेंतील थोरल्या विद्यार्थ्यांनीं त्यांच्या हातीं एक पत्र दिलें. पॅरिसमध्यें घडलेल्या गोष्टी आम्हांस कळल्या आहेत. आमच्यांत यहूदी मुलें आहेत, व आम्ही त्यांच्यांत आणि आमच्यांत भेद मानीत नाहीं. त्यांना नेण्याची आज्ञा झाल्यास ती मोडण्यास व त्यांना लपविण्यास आम्ही सांगूं, असा त्याचा मतलब होता. पत्र उद्धट नव्हतें, पण संदिग्धहि नव्हतें. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनीं मंत्र्यास असें लिहून द्यावें, याचा परिणाम काय होईल हें त्यांच्या आईबापांस कळत नव्हतें असें नाहीं. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलिस मोटारगाड्या घेऊन आले, शोध घेत राहिले, आणि जवळजवळ रिकाम्या हातांनीं परतले. निर्वासित रानांत व शेतघरांत पांगले होते.

खोटीं ओळखपत्रें हा या कामाचा अवघड भाग होता. ऑस्कर रोसोव्स्की नांवाचा एक अठरा-एकोणीस वर्षांचा यहूदी तरुण तीं तयार करी, आणि त्याचें सामान एका शेतकऱ्याच्या मधमाशांच्या पेट्यांत दडविलेलें असे. सत्यप्रिय पाळकांस व शिक्षकांस या खोट्याचें ओझें वाटत असे. आमच्या मतें तें ओझें वाटणें हेंच योग्य होतें. खोटें सोपें वाटूं लागलें असतें तर चिंतेची गोष्ट होती.

किंमत द्यावी लागलीच. १३ फेब्रुवारी १९४३ रोजीं त्रोक्मे, तेइस व गांवच्या प्राथमिक शाळेचे मुख्य दार्सिसाक यांस अटक झाली. मार्शलच्या आज्ञा पाळीन अशा कागदावर सही करण्यास दोघां पाळकांनीं नकार दिला. तरीहि सुमारें पांच आठवड्यांनीं त्यांस सोडण्यांत आलें. त्या वर्षीं २९ जूनला जर्मन पोलिसांनीं ‘मेझों दे रोश’ या वसतिगृहावर छापा घालून अठरा तरुण नेले. वसतिगृहाचे प्रमुख दानियेल त्रोक्मे हे आंद्रे यांचे नातलग व शाळेंतील शिक्षक. त्यांस पळून जाण्यास अवसर होता. ते मुलांबरोबर गेले, व एप्रिल १९४४ मध्यें पोलंडमधील मायदानेकच्या छावणींत वारले. त्यांचें वय तेव्हां बत्तीसहि नव्हतें.

सगळेच पठारवासी निःशस्त्र प्रतिकारावर विश्वास ठेवीत होते, असें मात्र कोणी समजूं नये. आसपासच्या रानांत सशस्त्र तरुणांच्या टोळ्याहि होत्या. १९४४ च्या उन्हाळ्यांत व्हर्जिनिया हॉल नांवाची अमेरिकन हेर येथें आली. शिकारींतील अपघातामुळें १९३३ सालीं तिचा एक पाय गुडघ्याखालीं कापावा लागला होता. विमानांतून शस्त्रें टाकण्यास योग्य अशीं मैदानें हुडकीत ती लाकडी पायानें सायकल चालवीत या चढउतारांवरून फिरत असे. त्रोक्मे यांस तिचें काम मान्य झालें नसतें. दोघेंहि एकाच संकटाशीं झगडत होतीं, हेंहि तितकेंच खरें.

किती जीव वांचले? पांच हजार निर्वासित, त्यांत सुमारें साडेतीन हजार यहूदी, असा आंकडा बरेच दिवस सांगण्यांत येत असे. अलीकडील कांहीं संशोधक याहून कमी मानतात. यादी कोणीं ठेवलीच नाहीं, कारण ती पोलिसांच्या हातीं पडली असती तर तीच मृत्युपत्र ठरली असती. यरुशलेम येथील याद व्हाशेम या स्मारकसंस्थेनें १९९० सालीं ल शांबों व शेजारचीं गांवें यांचा एकत्रित सन्मान केला.

हल्लीं गांवांत पोंचलेल्या सायकलस्वारास काय दिसतें? उपासनामंदिर साधें, करड्या दगडाचें आहे. त्याच्या दारावर परस्परांवर प्रीति करण्याची प्रभूची आज्ञा कोरलेली आहे. जवळच २०१३ सालीं उघडलेलें स्मृतिसंग्रहालय आहे. त्रोक्मे व तेइस यांची शाळा मात्र २०१४ सालीं बंद झाली. गांवाबाहेर ल पानलिए नांवाचें घर आहे. आल्बेर कामू हा लेखक १९४२-४३ सालीं क्षयावर हवापालट म्हणून तेथें राहून आपली ‘प्लेग’ ही कादंबरी लिहीत होता. ज्यांचे पाय थकले असतील त्यांस आणखी एक सोय आहे. पठारावरील जुन्या रूळांचा एक तुकडा हौशी लोकांनीं जतन केला असून, उन्हाळ्यांत त्यावरून सेंताग्रेव, ल शांबों व तांस यांच्या दरम्यान लहान गाडी धांवते. ती ज्या स्टेशनांत थांबते तें निर्वासित उतरत तेंच होय.