घर विकण्याआधी विजेचे बिल पाहा

घर विकणे हे रोजचे काम नव्हे. कोणाला मुलाकडे शहरात जायचे असते, कोणाला कर्ज फेडायचे असते. मग विकणारा काय करतो? भिंतींना झकास रंग देतो आणि गिऱ्हाइकाची वाट पाहतो. गिऱ्हाईक भर दुपारी येते. तापल्या पत्र्याखाली घटकाभर बसते, घाम पुसते आणि "कळवतो" म्हणून जाते, ते जातेच. रंगाचे पैसे मात्र खर्च झालेले असतात.

तेव्हा मंडळी, रंगाआधी दोन गोष्टी पाहा. घर तापते किती? आणि वीज खाते किती?

विजेचा हिशोब आधी करू. पाटी घ्या. एक हजार वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट होते. जुना पिवळा दिवा ६० वॅटचा. तो रोज ५ तास लावला, तर ६० गुणिले ५ म्हणजे ३००. महिन्याचे ३० दिवस धरा, झाले ९०००. त्याला हजाराने भागा. ९ युनिटे झाली. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावा. उजेड जवळजवळ तेवढाच, आणि महिन्याला दीड युनिटसुद्धा लागत नाही.

पंख्याचेही तसेच. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज १० तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिटे. हल्ली ३० वॅटच्या आसपासचे पंखे मिळतात, त्यांना ९ युनिटे पुरतात. पंख्यावर ताऱ्यांची चिठ्ठी असते. एकाच मापाच्या पंख्यांत ज्याला तारे जास्त, तो वीज कमी खातो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ही चिठ्ठी सक्तीची झाली. तरी माझे मत असे, की दिवे लगेच बदला. पण पंखा बरा फिरत असेल तर केवळ विक्रीसाठी नवा घेऊ नका. तो खर्च किमतीत भरून येईलच असे नाही. पंखा घरात राहणार की तुम्ही काढून नेणार, हे मात्र किंमत ठरतानाच सांगा. एवढ्याशा पंख्यावरून सौदे मोडतात!

आता उन्हाचे पाहू. गंजका पत्रा ऊन पितो. पांढरा पत्रा बरेचसे ऊन परत फेकतो. म्हणून पत्र्याला वरून पत्र्याचाच पांढरा रंग द्यावा. चुना पत्र्यावर टिकत नाही. सिमेंटच्या स्लॅबला मात्र चुन्याचे दोन हात चालतात. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे छत केले तर आणखी बरे. मध्ये वीतभर पोकळी ठेवा आणि दोन्ही टोकांना वारा जायला वाट ठेवा. चुलीच्या वर तट्ट्या नको. विजेच्या उघड्या तारा तर त्याच्या जवळपासही नकोत.

माळवदाच्या घराची गोष्ट निराळी. दगडमातीची जाड भिंत दुपारचे ऊन सहजी आत येऊ देत नाही. काही जण "पक्के घर म्हणजे जास्त किंमत" म्हणून ती भिंत पाडतात, पातळ विटांची बांधतात अन् वर पत्रे घालतात. पैसे घालून घराची भट्टी करायची, याला काय म्हणावे? गळती बंद करा, झरोके मोकळे करा, धुराडे साफ करा. तेवढे पुरे.

घेणारा आठचा उतारा मागतो, तशी बारा महिन्यांची वीजबिलेही त्याच्यापुढे ठेवा. चैत्र-वैशाखातली आकडेवाडीची बिले लपवू नका. आणि बाकी असेल तर आधी भरा. आधीच्या मालकाची थकबाकी, नियमात तशी तरतूद असेल तर, नव्या मालकाकडून मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला आहे. जाणता गिऱ्हाईक म्हणूनच बाकीबद्दल विचारतो.

खरेदीखत होईल त्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचा आकडा कागदावर लिहावा, खाली तारीख घालून सह्या कराव्यात. तिथपर्यंतचे बिल विकणाऱ्याचे, पुढचे घेणाऱ्याचे. मीटर आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज घेणाऱ्याने वीज कचेरीत द्यावा. सोबत खरेदीखताची नक्कल न्यावी.