जिवंत जंतू विजेने कसे निवडतात?

प्रश्न : काचेच्या इवल्याशा चिपवर वीज वापरून जिवंत आणि मेलेले सूक्ष्मजीव वेगळे करतात, असे वाचले. हे विजेला कसे कळते? आणि जिवंत असलेले विजेने मरत नाहीत का?

उत्तर : फरक असतो तो पेशीपटलात. जिवंत पेशीचे पटल जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे, पण वीज अडवणारे. त्याच्या आत पोटॅशियमसारखे आयन ठासून भरलेले. पेशी मेली की पटल गळके होते, आयन पाण्यात निघून जातात.

आता चिपवर सोन्याच्या बारीक इलेक्ट्रोडमध्ये काही मेगाहर्ट्‌झची एसी वीज सोडा. द्रव मात्र क्षाररहित हवा, साखरेचा चालतो. इतक्या वेगाने दिशा बदलणारे विद्युतक्षेत्र पटल ओलांडून आत पोचते. जिवंत पेशीत त्याला आयन भेटतात, ती सभोवतालच्या द्रवापेक्षा जास्त ध्रुवीभूत होते आणि क्षेत्र जिथे तीव्र, त्या इलेक्ट्रोडच्या कडेकडे ओढली जाते. मेलेली पेशी उलट दूर ढकलली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टवर हे पाहणे फार सुंदर असते : जिवंत पेशी कडेला एकामागोमाग एक चिकटून माळा धरतात, मेथिलीन ब्लूने निळ्या झालेल्या मृत पेशी मधल्या मोकळ्या जागेत गोळा होतात. द्रव वाहता ठेवला की त्या निघून जातात. वारंवारता बरीच कमी केली, तर पटल आतले आयन झाकून टाकते आणि जिवंत पेशीही दूर सरतात. म्हणजे सगळी किमया वारंवारता नेमकी निवडण्यात आहे.

या तंत्राला डायइलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. हे नाव हर्बर्ट पोल यांनी 1951 मध्ये दिले. जिवंत-मृत यीस्ट वेगळे केल्याचा त्यांचा आणि आयरा हॉक यांचा निबंध 1966 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

मरण्याचे म्हणाल, तर पटलावर साधारण 1 व्होल्टचा ताण आला की त्याला भोके पडतात. तेवढा येऊ द्यायचा नाही. इलेक्ट्रोडमधले अंतर केसाच्या जाडीएवढेच असल्याने 10-20 व्होल्टही पुरतात, आणि इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या क्षेत्रात त्यातला अगदी थोडा वाटा पटलावर येतो.

अडचण आकाराची आहे. ओढ पेशीच्या आकारमानावर ठरते, ई. कोलायसारख्या जिवाणूवर ती यीस्टच्या मानाने कितीतरी पटींनी कमी पडते. रक्तासारखे खारट नमुने आधी धुऊन वा पातळ करून घ्यावे लागतात. शिवाय चिपमधून एका वेळी थेंबभरच द्रव जातो. त्यामुळे पाण्याच्या तपासणीत कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या पद्धतीची, जागा ही चिप इतक्यात घेणार नाही. पण नमुन्यातले जिवंत जंतू आधी वेचून देण्याचे काम तिने करावे, आणि ते तिला चांगले जमते.